ढंग बघायचा की वेग? : थेम्स ते कॅम, नदीकाठाने

भाची केंब्रिजला शिकते आणि कॉलेजच्या दुसऱ्या बोटीत पाच नंबरच्या सीटवर बसून वल्हं मारते. जूनमधल्या शर्यतींना ये, असा तिचा केव्हापासूनचा धोशा होता. मी पुण्याची, सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर रेगाटा म्हणजे बोटींच्या शर्यती बघत वाढलेली, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. तिच्या शर्यती बुधवारी सुरू होणार होत्या. त्याआधीच्या मोकळ्या दिवसांत ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मुली जिथे जिथे एकमेकींशी भिडल्या, ते काठ पायी बघायचे, असं मी ठरवलं. व्हिसा, विमान, हॉटेल सगळं सुरळीत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

रविवार : पटनी ते मॉर्टलेक

भाची सकाळच्या गाडीने लंडनला आली आणि आम्ही थेट पटनी गाठलं. पुलापासून चार पावलांवर नदीकाठी 'यूबीआर', म्हणजे युनिव्हर्सिटी बोट रेस, अशी अक्षरं कोरलेला एक दगड आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधली जगप्रसिद्ध बोट रेस इथून सुटते. मुलांची शर्यत 1829 साली हेन्लीला सुरू झाली आणि 1845 पासून पटनी ते मॉर्टलेक या मार्गावर आली. अंतर 6.8 किलोमीटर, नदीला दोन-तीन मोठी वळणं आणि पाठीशी भरतीचा लोंढा. मुलींची शर्यत याच पाण्यावर, याच दिवशी, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर व्हायला 11 एप्रिल 2015 उजाडावं लागलं. मुलींची पहिली शर्यत झाली होती 1927 मध्ये. म्हणजे मधे अठ्ठ्याऐंशी वर्षं गेली.

दगडाचा फोटो काढून वळतो तर रस्त्यावर पाणी! पाऊस नव्हता, ऊन होतं. काठाने लावलेल्या गाड्यांपैकी एका निळ्या गाडीची अर्धी चाकं पाण्यात गेली होती आणि बोट क्लबची पोरं गुडघाभर पाण्यात उभी राहून बोटी आत-बाहेर करत होती, जणू काही झालंच नाही. कुत्रं फिरवायला आलेल्या एका आजोबांनी सांगितलं, "मोठ्या भरतीला असंच होतं. ती गाडी लावणारा इथला नाही, एवढं नक्की." समुद्र इथून किती लांब, पण भरती-ओहोटीत पाण्याची पातळी कित्येक मीटर वर-खाली होते.

(तुम्ही जाणार असाल तर आदल्या दिवशी पटनीच्या भरतीची वेळ नेटवर बघा. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरतीच्या तासाभरात काठावरच्या रस्त्याने जाऊ नका. पायात जुने बूट असू द्या. वाट बरीचशी मातीची आहे.)

पाणी ओसरेपर्यंत कॉफी झाली, मग चालायला लागलो. पलीकडच्या काठाला फुलहॅमचं फुटबॉल मैदान, पुढे आपल्या बाजूला हॅरॉड्सचं जुनं गोदाम (आता आत महागडे फ्लॅट आहेत) आणि मग हॅमरस्मिथचा हिरवा-सोनेरी झुलता पूल. पुलावरून 2019 पासून मोटारी बंद आहेत, आपल्याला चालायला मस्त. पूल ओलांडून मी मुद्दाम पलीकडे गेले, कारण तिथे फर्निवल स्कलिंग क्लब आहे.

हे फर्निवल म्हणजे फ्रेडरिक फर्निवल, ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या सुरुवातीच्या संपादकांपैकी एक. सत्तरी उलटल्यावर, 1896 साली, या गृहस्थांनी मुलींसाठी वल्हवण्याचा क्लब काढला. मुली कोण, तर चहाच्या दुकानांत काम करणाऱ्या, दुकानांत विक्री करणाऱ्या. विद्यापीठातल्या मुलींना नदीवर जायला कॉलेजच्या बाईंची परवानगी लागायची, आणि इकडे चहाचे कप उचलणाऱ्या पोरी रविवारी पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याबरोबर रिचमंडपर्यंत वल्हवत जायच्या. विद्यापीठांचा इतिहास सांगताना या पोरींना कोणी धरत नाही. माझ्या मते धरायला हवं. क्लब बंद होता, पण धक्क्यावर एक बाई बोट पुसत बसल्या होत्या. मी फर्निवल आजोबांचं नाव काढताच खुलल्या, बोटीचं फडकं तसंच हातात ठेवून त्यांनी बराच वेळ माहिती दिली. पुरुषांना या क्लबात 1901 मध्ये प्रवेश मिळाला म्हणे. 'आम्ही त्यांना घेतलं,' हे वाक्य त्यांनी फारच चवीने उच्चारलं.

बार्न्सचा रेल्वे पूल येईपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले होते. 2016 साली याच टापूत केंब्रिजच्या मुलींची बोट पाण्याने भरली. लाटा आत येत होत्या, पंप पुरा पडत नव्हता, बघणाऱ्यांना वाटलं बुडाली. पोरींनी थांबायला नकार दिला आणि जवळपास पाण्यात बसूनच शर्यत पुरी केली. "मावशी, आमचा कोच अजून ते उदाहरण देतो," भाची म्हणाली, "आणि आम्ही मनात म्हणतो, तू बस त्या पाण्यात, मार्चमधलं पाणी आहे ते." मॉर्टलेकला जुन्या ब्रुअरीपाशी शर्यत संपते. आमचीही तिथेच संपली. समोरच्या पबात गरम चिप्स आणि वाटाण्याचं भरडं खाल्लं. भूक असली की तेही चविष्ट लागतं.

सोमवार : ऑक्सफर्ड

पॅडिंग्टनहून तासाभरात ऑक्सफर्ड. दोघं मिळून प्रवास करणार असाल तर 'टू टुगेदर' रेलकार्ड काढा, तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत चालत नाही.

आधी सॉमरव्हिल कॉलेज. गेटवरच्या पोर्टरला मी सांगितलं, नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली एक बाई 1889 मध्ये इथे आली होती, तिच्यासाठी आलेय. तो लगेच म्हणाला, "कॉर्नेलिया सोराबजी." उच्चारही जवळजवळ बरोबर. हिरवळीवर पाय न ठेवता फिरा म्हणाला आणि आत सोडलं. कॉर्नेलियाने 1892 साली कायद्याची बीसीएल परीक्षा दिली, ऑक्सफर्डमध्ये ती देणारी पहिली बाई. पदवी मिळाली 1922 मध्ये. कारण साधं होतं : ऑक्सफर्ड 1920 पर्यंत बायकांना पदवीच देत नव्हतं. शिका, परीक्षा द्या, पास व्हा, पण कागद मागू नका. मी हे सगळं वाचलेलं होतं, तरी त्या आवारात उभी राहून तीस वर्षांचा हिशेब करताना चिडचिड झालीच.

दुपारी ख्राइस्ट चर्चच्या कुरणातून नदीवर गेलो. इथे थेम्सला आयसिस म्हणतात. गायी चरत होत्या, पलीकडे बोटहाउसांची रांग, आणि पाणी इतकं अरुंद की दोन मोठ्या बोटी शेजारी शेजारी जाताना वल्ह्यांना वल्ही लागतील की काय असं वाटावं. ऑक्सफर्डच्या मुलींनी आपला बोट क्लब 1926 साली काढला आणि 15 मार्च 1927 रोजी याच पाण्यावर केंब्रिजच्या मुलींशी पहिली गाठ पडली.

गाठ पडली म्हणायचं, पण दोन्ही बोटी एका वेळी नदीवर असता कामा नयेत, ही अट होती. शेजारी शेजारी झुंजणं मुलींना शोभत नाही! म्हणून एकेका बोटीने जायचं, साधारण अर्धा मैल. परीक्षक काय बघणार? ढंग. बसण्यातला स्थिरपणा, लय, वल्हं पाण्यातून निघताना कसं निघतं ते. आणि सोबत घड्याळही लावायचं. आपल्याकडे मुलगी बघायला आलेले लोक 'जरा चालून दाखव गं' म्हणायचे, अगदी तसं. गंमत अशी झाली की ढंगावरून परीक्षकांचा निवाडा होईना. शेवटी घड्याळाकडे बघावं लागलं आणि ऑक्सफर्ड पंधरा सेकंदांनी जिंकलं. म्हणजे पहिल्याच सामन्यात ढंगाचा निकष गळून पडला आणि वेग उरला. तरीही शेजारी शेजारी शर्यत लावायला 1935 पर्यंतचा वेळ घेतला.

काठावर बघ्यांची ही गर्दी. लंडनच्या टाइम्सला ती गर्दी मोठी आणि चिडलेली दिसली. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीत मात्र पाच हजार लोक हौसेने ओरडून प्रोत्साहन देत होते. एकच काठ, एकच दुपार. आमच्या वेळी तिथे शाळेची सहल, दोन बदकं आणि आइस्क्रीम सांडलेला एक छोटा मुलगा एवढेच होते.

आणखी एक गोष्ट, जी फारशी सांगितली जात नाही. त्याच 1927 सालात ऑक्सफर्डने मुलींच्या संख्येवर मर्यादा घातली. किती मुली घ्यायच्या याचा आकडा ठरला आणि ती मर्यादा 1957 पर्यंत राहिली. नदीवर जरा जागा मिळाली, त्याच वर्षी वर्गातली जागा मोजून दिली.

रात्री इफ्ली रोडवरच्या एका छोट्या लॉजमध्ये मुक्काम केला. बाईंनी सकाळच्या नाश्त्याला शाकाहारी सॉसेज, भाजलेले मश्रूम आणि बीन्स दिले. घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी मी बीन्सवर भुरभुरली. बाईंनी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखली आणि डबीकडे बघत राहिल्या. डबी तिथेच ठेवून आले.

मंगळवार : हेन्ली

ऑक्सफर्डहून रेडिंग, तिथून ट्वायफर्ड, तिथून छोटी गाडी. आकाश भरून आलेलं, पण पडला नाही. हेन्लीत नदी सरळ रेषेत जाते. शर्यतीसाठी लाकडी खांब आणि ओंडक्यांच्या मार्गिका टाकून झाल्या होत्या, काठावर पांढरे तंबू उभे राहत होते. टेंपल आयलंडपर्यंत आम्ही चालत गेलो.

मुलींची ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यत 1952 नंतर बंद पडली होती. पैसा नाही, पाठबळ नाही. 1964 मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि 1977 पासून 2014 पर्यंत, 2013 सोडता, इथे हेन्लीत होत राहिली, दोन हजार मीटरची. टीव्ही नाही, लंडनची गर्दी नाही. मुलं पटनीला लाखोंच्या समोर आणि मुली इथे आईवडिलांसमोर. मधेच 1981 मध्ये सूझन ब्राउनने ऑक्सफर्डच्या मुलांच्या बोटीचं सुकाणू धरून दाखवलं. मुलांच्या बोट रेसमध्ये बसलेली ती पहिली बाई, कॉक्स (सुकाणू धरणारी) म्हणून. ऑक्सफर्ड जिंकलं. पण तिच्या मैत्रिणींना ते पाणी मिळायला आणखी चौतीस वर्षं लागली, आणि तीही पुरस्कर्त्या कंपनीच्या प्रमुख हेलेना मॉरिसी यांनी पैशाच्या जोरावर रेटा लावला म्हणून. विद्यापीठांना आपणहून सुचलं नाही, हे मला तरी विसरता येत नाही.

हेन्लीच्या रॉयल रेगाटाची गोष्ट तर वेगळीच. तिथल्या खास कुंपणात बायकांना गुडघ्याखाली येणारा स्कर्ट घालावा लागायचा, पँट चालत नसे. 2021 मध्ये पँटला परवानगी मिळाली. मुलींनी वैतागून 1988 साली स्वतःची हेन्ली विमेन्स रेगाटा सुरू केली, ती दर जूनमध्ये होते. आमच्या शेजारी बाकावर बसलेल्या, मार्गिका तपासणाऱ्या स्वयंसेवक आजींना मी विचारलं, तुमच्या वेळी कसं होतं? त्यांनी माझ्या सलवारकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, "तुम्हाला तेव्हा दारातूनच परत पाठवलं असतं. मलाही एकदा पाठवलंय." मग पिशवीतून स्कोन काढून अर्धा मला दिला. क्रीम आधी की जाम आधी, यावर त्यांचं मत ठाम होतं. मी वाद घातला नाही.

संध्याकाळी पॅडिंग्टन, मग किंग्ज क्रॉसहून केंब्रिज.

बुधवार ते शनिवार : केंब्रिज

भाचीच्या शर्यती म्हणजे 'मे बम्प्स', कॉलेजा-कॉलेजांतल्या बोटींच्या धडकाधडकीच्या शर्यती. मे बम्प्स जूनमध्ये असतात. का, ते विचारायचं नाही. बुधवार ते शनिवार, दुपारभर, एकामागून एक डिव्हिजन, म्हणजे बोटींचे गट. बघायला एक पैसा लागत नाही.

बुधवारी सकाळी न्यूनम कॉलेज पाहिलं. लाल विटांच्या, पांढऱ्या खिडक्यांच्या इमारती, मधे फुलांनी ओसंडणारी बाग. इथल्या मुलींचा बोट क्लब 1893 चा. 1927 मध्ये ऑक्सफर्डला जी केंब्रिजची बोट गेली ती सगळी न्यूनमच्या मुलींची होती, आणि 1941 पर्यंत न्यूनमच केंब्रिजच्या वतीने वल्हवत राहिलं. त्या मुली विद्यापीठाच्या सभासद होत्या का? नव्हत्या. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी दिली 1948 मध्ये. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या नावाने या मुली तळहाताची सालं काढून घेत होत्या, त्याच्या वहीत त्यांचं नावच नव्हतं.

कॉलेजला ब्राँझचं एक सुंदर दार आहे, पहिल्या प्राचार्य अ‍ॅन क्लफ यांच्या स्मरणार्थ. 1921 मध्ये बायकांना पूर्ण सभासदत्व नाकारलं गेलं, तेव्हा जिंकलेले विद्यार्थी हातगाडी घेऊन आले आणि त्यांनी ती या दारावर आदळली. जिंकलेले, हरलेले नव्हे! नक्षीच्या खालच्या भागावरून मी बोटं फिरवली. दुरुस्ती झालेली आहे, माहीत नसेल तर काही कळणार नाही. त्याआधी 1897 मध्ये बायकांना पदवी द्यायची का यावर मतदान झालं, त्या दिवशी विद्यापीठाच्या सिनेट हाउससमोरच्या पुस्तकांच्या दुकानाच्या खिडकीबाहेर खिल्ली म्हणून सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगला होता. ते दुकान अजून आहे. तिथून मी भाचीसाठी एक वही घेतली आणि जवळच्या फिट्झबिलीजमधून चिकट, पाकात न्हालेला चेल्सी बन. दोघींत एक पुरे.

दुपारी नदीवर. कॅम इतकी अरुंद की शेजारी शेजारी शर्यत होतच नाही. म्हणून सतरा-अठरा बोटी एकामागे एक, दीड बोट अंतर ठेवून उभ्या करतात. चार मिनिटांची तोफ, एक मिनिटाची तोफ, मग सुटायची तोफ. पुढच्या बोटीला धडकायचं आणि मागच्या बोटीला धडकू द्यायचं नाही. धडकलात की दुसऱ्या दिवशी तुम्ही पुढे, ते मागे. सुटायच्या जागी मी भाचीच्या बोटीपासून हाताच्या अंतरावर उभी होते. कॉक्सच्या मुठीत काठाला बांधलेली साखळी, काठावरून एक मुलगा लांब काठीने बोट बाहेर ढकलतोय, आठही पोरी पुढे वाकलेल्या, आणि भाचीच्या तळहातावर पांढऱ्या चिकटपट्टीखाली फोड. कोणी बोलत नव्हतं. तोफ झाली आणि पाण्याचा जो आवाज उठला!

मुलींचे मे बम्प्स 1974 पासून. 1972 मध्ये क्लेअर, किंग्ज आणि चर्चिल या मुलांच्या कॉलेजांनी मुली घ्यायला सुरुवात केली, त्यानंतर लगेच. सुरुवातीला चौघींच्या बोटी होत्या, आठ जणींच्या 1990 पासून. ग्रासी कॉर्नरच्या वळणावर घडीची खुर्ची टाकून बसलेल्या एक बाई त्या पहिल्या वर्षांत वल्हवलेल्या निघाल्या. मी त्यांच्यापुढे चिवड्याचा डबा धरला. हे दुधात घालतात का, त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर मूठ भरून घेतली. "आम्हाला जुनी बोट मिळायची, मुलांनी टाकलेली. पायाची पट्टी त्यांच्या बुटांच्या मापाची. आम्ही आत मोजे कोंबायचो." पुढच्या डिव्हिजनची तोफ झाली आणि त्या खुर्चीवरून उठून अशा ओरडल्या की मी दचकले.

बुधवारी भाचीच्या बोटीने पुढच्यांना गाठलं. विजयी बोट काठाला येते आणि पोरी विलोच्या डहाळ्या तोडून केसांत खोवतात. गुरुवारी काहीच नाही, नुसतं शेवटपर्यंत जाणं, आणि तेच सगळ्यात दमवणारं. शुक्रवारी पाऊस कोसळला आणि मागच्या बोटीने यांना धडक दिली. त्याच वेळी फोनवर बहिणीचे फोटो येत होते, पुण्यात पालख्या मुक्कामाला होत्या, तिकडेही पाऊस. मी छत्रीखाली फोटो बघत होते आणि भाची भिजलेल्या केसांनी कॉक्सशी भांडत होती की वळण उशिरा घेतलं. कॉक्स तितक्याच जोरात सांगत होती की पाच नंबर उशिरा वल्हं टाकते. मला त्यात पडायचं नव्हतं, पण कॉक्सचं बरोबर असावं.

(फेन डिटन गावातून ग्रासी कॉर्नरला शेतातून पायवाट आहे. पलीकडच्या काठाने जाऊ नका असं नाही, पण त्या वाटेवरून प्रशिक्षक बोटीबरोबर सायकली हाणतात, नजर बोटीवर आणि तोंडाने आरडाओरडा. त्यांना तुम्ही दिसत नाही. रेनकोट हवाच. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे परतायची घाई नसते. वरच्या डिव्हिजन संध्याकाळी असतात, एकच दिवस हातात असेल तर शनिवार धरा.)

शनिवारी ऊन पडलं. भाचीच्या बोटीने पहिल्याच वळणाच्या आत पुढच्यांना धडक दिली. आमच्या बाजूने ते दिसलंच नाही, फक्त आरडाओरड ऐकू आली. चार दिवसांचा हिशेब एक जागा वर. त्यांना तो फार मोठा वाटत होता. रात्री बोट क्लबचं जेवण होतं, लांब गाऊन वगैरे, तिथे मावश्यांना आमंत्रण नसतं. मी तिच्या खोलीवर पिठलं लावलं. बारा वाजता पोरगी दोन मैत्रिणींना घेऊन आली, तिघींच्याही केसांत अजून पाला, आणि उभ्या उभ्याच पातेलं पुसून रिकामं केलं.